बाळ सात महिन्यांचं आहे, आता पोहायला शिकू का?

कृष्णाकाठची

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते पहिल्यांदाच.

मी सांगलीची, कर्नाळ रस्त्याच्या भागातली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चढू लागलं की ज्यांचे फोन सगळ्यात आधी वाजतात, त्यांच्यातली. 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका हे आकडे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात, कारण बहुतेक वेळा त्याआधीच मागच्या गल्लीत पाणी आलेलं असतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये पातळी 57 फुटांवर गेली तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो. बोट गॅलरीला लागली, घरातले एकेक करून उतरले आणि माझा पाय काही उचलेना. शेवटी दोघांनी मला उचलून आत ठेवलं. पूर्ण वाटभर मी बोटीची कड अशी धरून बसले होते की उतरताना बोटं दुसऱ्यांनी सोडवली. त्याच दिवसांत ब्रह्मनाळ गावात पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटल्याची बातमी आली. तेव्हापासून पुलावरून जाताना मी खाली बघत नाही.

2021 ला परत पूर आला. लग्न झालं होतं. नवरा चांगला पोहतो, लहानपणी माई घाटावर शिकलेला. पण तो तेव्हा कोल्हापूरला होता. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि तो पलीकडेच अडकला. त्यामुळे "मी आहे ना" हे त्याचं वाक्य मला पटतं, पण पुरत नाही.

आता मला सात महिन्यांची मुलगी आहे. पुढच्या वेळी बोट येईल तेव्हा ती माझ्या कडेवर असेल. घराजवळच्या स्विमिंग टँकवर उन्हाळ्यात लेडीज बॅच सुरू होते, मला नाव घालायचं आहे. सासूबाई म्हणतात, "जा, बाळ मी बघते, फक्त डॉक्टरांना विचार." आई माहेरून फोनवर सांगते, दूध आटेल, पोरीला सर्दी होईल, वर्षभर तरी अंगावर गार पाणी नको. माझं सिझर झालं आहे. रात्री तीन-चार वेळा उठणं आहेच.

पाण्यात उडी मारून तिला वाचवेन असं माझ्या मनात अजिबात नाही, तेवढं मला कळतं. मला एवढंच हवंय की बोट दारात आली तर तिला घेऊन मी माझ्या पायांनी उतरावं. बाळंतपणानंतर कुणी पहिल्यांदा पोहायला शिकलं आहे का? पाण्याची इतकी भीती असताना?

---

पेठभागवाली

ताई, मी शिकले. दुसरा मुलगा वर्षाचा व्हायच्या आत, आणि मीसुद्धा पाण्याला भ्यायचे. तुम्ही जे लिहिलंय ना, पाय उचलेना, ते वाचून अंगावर काटा आला, कारण टँकच्या पायरीवर माझं अगदी तस्संच झालं होतं.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं म्हणून सांगते. पाणी छातीपर्यंत आलं की श्वास अडल्यासारखा होतो. मला वाटायचं ही माझी भीतीच. आमच्या मॅडमनी सांगितलं की पाण्याचा दाब बरगड्यांवर सगळ्या बाजूंनी येतो, त्यामुळे श्वास घ्यायला खरोखरच थोडा जोर लागतो, प्रत्येकाला लागतो. हे कळल्यावर निम्मं ओझं उतरलं. पहिले काही दिवस मी पोहायला शिकले नाहीच. कठडा धरून छातीभर पाण्यात उभी राहायचे, श्वास आपोआप शांत होईपर्यंत. मग बबलिंग, म्हणजे तोंड पाण्यात घालून हळूहळू हवा सोडायची. नाकातून "हं" असा आवाज काढत सोडा, नाकात पाणी जात नाही.

शिकवणाऱ्या मॅडमना पहिल्याच दिवशी 2019 चं सगळं सांगून टाका. लपवू नका. ज्यांना माहीत नसतं ते मागून ढकलतात, आणि ते तुम्हाला चालणार नाही.

---

फिजिओ_मिरज

बाळंतिणींसोबत रोज काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सात महिने झालेत, टाके भरलेत, अंगावरून जाणं थांबून बराच काळ लोटला आहे, तर सिझर झालेल्या बाईला पोहायला साधारणपणे अडचण नसते. ज्या डॉक्टरांनी सिझर केलं त्यांना एकदा दाखवून घ्या, हे सासूबाईंचं म्हणणं अगदी बरोबर आहे. बाळंतपणानंतर लगेचच्या दिवसांत मात्र पाण्यात उतरू नये. स्राव सुरू असतो, आतली जखम ओली असते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. किमान सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत तरी थांबायचंच, सिझर असेल तर बऱ्याचदा त्याहून जास्त. आपल्याकडचा सव्वा महिना याच्या जवळपासच येतो.

दोन गोष्टी तपासा. उताणं झोपून डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटांनी दाबून बघा. खोल फट लागत असेल किंवा मध्येच उंचवटा येत असेल तर पोटाचे स्नायू अजून जुळलेले नाहीत. तसं असेल तर फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम घ्या आणि मगच जोरात पाय मारणं सुरू करा. दुसरं, शिंकताना-खोकताना लघवी सुटते का? सुटत असेल तर लाजून गप्प बसू नका. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम आहेत आणि त्यांनी फरक पडतो.

पोहण्याचा फायदा असा की पाणी वजन पेलतं. गरोदरपणात सांधे सैल झालेले असतात, काही महिने तसे राहतात. पळण्याने गुडघ्यांना आणि कमरेला जो हादरा बसतो तो पाण्यात बसत नाही.

आईंना सांगा, बेताच्या व्यायामाने दूध आटत नाही. पाणी भरपूर प्या आणि नीट जेवा. सर्दी विषाणूने होते, आईच्या ओल्या केसांनी बाळाला होत नाही.

---

खणभागची_सून

दुधाबद्दल माझ्याकडून. टँकला जायच्या अगदी आधी पाजून जा. भरलेल्या छातीने हात वर करून पोहणं फार त्रासाचं होतं. घरी ठेवायला दूध काढणार असाल तर 25 अंशांपर्यंतच्या खोलीत ते साधारण चार तास चालतं. पण आपल्याकडचा मे म्हणजे घरातसुद्धा त्याहून कितीतरी जास्त, त्यामुळे सरळ फ्रीजमध्ये, दाराच्या कप्प्यात नको, आत मागच्या बाजूला ठेवा. वाटी-चमच्याने पाजता येतं, बाटलीची सवय लावायची गरज नाही. आणि सात महिन्यांचं बाळ आता नाचणीची पेज, मऊ भातही खात असेल, तेवढ्या वेळात तेही चालून जातं.

परत आल्यावर साध्या पाण्याने अंघोळ करा, छाती नीट धुऊन मग पाजा. क्लोरीनने त्वचा कोरडी पडते, मला चिरा पडल्या होत्या. आंघोळीनंतर खोबरेल तेल लावत गेले.

---

जुना_पट्टीचा

टँकात शिकून काय होणार पोरी? आम्ही कृष्णामाईत शिकलो. पाठीला भोपळा बांधायचा, नायतर पत्र्याचा डबा, आणि काठावरनं ढकलून द्यायचं. आजोबांच्या वेळी पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा असायचा. पंधरा दिवसांत पोर पट्टीचं तयार. टँकातलं पाणी मेलेलं. त्याला ओढ नाही, भोवरा नाही. नदी कळायची तर नदीतच उतरलं पाहिजे. नवऱ्याला सांग, सकाळच्या पारी माई घाटावर घेऊन जायला.

---

मिरजकर

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हा सल्ला मला मान्य नाही. तुम्ही शिकलात ती नदी आता राहिली नाही. भिलवडी, औदुंबरपासून खाली डिग्रज, हरिपूरपर्यंत मगरींचा वावर आहे, माणसांवर हल्ले झाले आहेत. वन खात्याने काठावर फलक लावलेत ते उगाच नाहीत. मासे मरून वर आलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. सिझरचा व्रण असलेल्या, अंगावर पाजणाऱ्या बाईला त्या पाण्यात उतरायला सांगणं चूक आहे. आणि जिला पाण्याचा धसका आहे तिला ढकलून कसं चालेल?

---

जुना_पट्टीचा

मगरीचं खरं आहे. आमच्या वेळी बी होत्या, पण एवढ्या दिसत नव्हत्या. बरं, टँकात शिक. पण शिकल्यावर एवढं ध्यानात ठेव, नदीत टँकासारखं सरळ काठाकडं पोहायचं नाही. ओढीच्या विरुद्ध गेलं की माणूस दमतो आणि दमला की संपला. ओढीबरोबर वाहत तिरकं तिरकं काठाला लागायचं. आमच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं.

---

गणेशतळं

मी थोडं वेगळं मत मांडते, रागावू नका. रात्री चार वेळा उठणाऱ्या बाईचं शरीर थकलेलं असतं. थकलेल्या माणसाने पाण्यात नवीन काही शिकणं मला धोक्याचं वाटतं. मूल दोन वर्षांचं होऊ दे, रात्रभर झोपू लागू दे, मग शिका. हिंमत दाखवायला आयुष्य पडलंय.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. गणेशतळं, रागावायचं कशाला, हीच भीती मलाही आहे. पण दोन वर्षं थांबायचं म्हणजे मध्ये दोन पावसाळे येतात. कोयना धरण भरलं, वारणा धरणातनं पाणी सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात फुगवटा किती यावर दिवसरात्र चर्चा सुरू झाली की मी ते दोन महिने कशी काढते ते मलाच माहीत. एक ठरवलं आहे, रात्र वाईट गेली असेल त्या दिवशी टँकला जाणार नाही.

आज डॉक्टरांना दाखवलं. व्रण चांगला आहे, पोटाची फट थोडी आहे, आधी व्यायाम मग पाय मारणं असं सांगितलं. बॅचमध्ये नाव घातलं. फुल कॉस्च्युम आणि टोपी घेतली. आईला अजून सांगितलेलं नाही.

---

बोटवाला_हरिपूर

2019 ला आम्ही काही पोरं बोटीवर होतो. ताई, तुमच्यासारखी अडखळलेली माणसं आम्ही खूप पाहिली, पट्टीचे पोहणारेसुद्धा होते त्यात. कमीपणा वाटून घेऊ नका.

पण "नुसतं पोहायला येऊन काय उपयोग" असं बरेच जण म्हणतात, त्याबद्दल लिहितो. पुराच्या पाण्यात पोहत कुणी जाऊ नये, येत असलं तरी. खाली तारा असतात, पत्रे, उघडी गटारं, ओंडके. विजेचा प्रवाह उतरलेला असू शकतो. पाण्याला जोर इतका असतो की गुडघाभर पाण्यातही माणूस उभा राहू शकत नाही.

मग शिकायचं कशाला? घाबरलेला माणूस पाण्यात पडला की समोर जो असेल त्याच्यावर चढतो. मुद्दाम करत नाही, शरीरच करतं. त्यात वाचवणारा पण जातो. ज्याला पाण्यात तोंड वर करून उताणं पडून राहता येतं, त्याच्या पाठीमागून जाऊन हनुवटीला हात लावला की त्याला ओढून आणता येतं. बोटीत सुद्धा तेच. घाबरलेली माणसं सगळी एका बाजूला सरकतात, उभी राहतात आणि बोट कलते. शांत बसलेला एक माणूस शेजारच्या चौघांना शांत ठेवतो.

म्हणून मॅडमना सांगा, फ्रीस्टाइल नंतर बघू, आधी उताणं तरंगणं आणि उभं पोहणं, म्हणजे खोल पाण्यात उभ्यानेच हातपाय हलवत तोंड वर ठेवणं, शिकवा. तुम्हाला ज्याची गरज आहे ते हेच.

---

डोंगरवाट

मी साताऱ्याचा, एका दीड वर्षाच्या मुलाचा बाप. आमच्याकडे पूर येत नाही, पण वाईकडच्या आमच्या गावी शेतात मोठी विहीर आहे आणि मुलगा आता चालायला लागलाय, म्हणून धागा मन लावून वाचला.

बायकोने गेल्या वर्षी साताऱ्यात क्लास लावला तेव्हा माझं काम एवढंच होतं की बाळाला घेऊन टँकबाहेर फेऱ्या मारायच्या. लोक विचारायचे, आई कुठे आहे? मी सांगायचो, पोहायला शिकतेय. ते सांगताना फार बरं वाटायचं. ताई, तुमच्या मिस्टरांना पाणी येतं ते ठीकच आहे, पण बॅचच्या वेळेला त्यांनी घरी असणं जास्त मोलाचं. सगळं सासूबाईंवर नको.

अजून एक, कारण सगळी चर्चा नदीवर चालली आहे. रांगणाऱ्या मुलाला बुडायला वीतभर पाणीसुद्धा पुरतं. डोकं जड, बादलीत वाकलं की परत वर येता येत नाही आणि आवाजही होत नाही. आम्ही न्हाणीघराचं दार कायम कडी लावून ठेवतो आणि बादली रात्री रिकामी करून पालथी घालतो. तुमची सात महिन्यांची आहे, रांगेलच आता.

---

कृष्णाकाठची

बादलीचं वाचल्या वाचल्या उठून बघितलं. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, मागे भरलेलं पिंप उघडंच होतं. झाकण आणलं. डोंगरवाट दादा, खरंच आभार.

टँकचं सांगते. श्वास शांत होणं, बबलिंग, कठडा धरून पाय मारणं इथपर्यंत पोचले. भीती वाटते, पण ती आता पायरीवर सुरू न होता पाण्यात गेल्यावर सुरू होते. अडलंय ते उताणं तरंगण्यावर. मॅडमचा हात पाठीखाली आहे तोवर ठीक. हात काढला की मान उचलली जाते, पाय खाली जातात आणि मी कठड्याकडे झेप घेते. बॅचमधल्या कॉलेजच्या मुली एव्हाना पाच फुटांत गेल्या. आईला कळलं आहे, ती दोन दिवस बोलली नाही.

---

पेठभागवाली

मान हेच सगळं आहे ताई. फुप्फुसं हवेनं भरलेली असतात तेव्हा माणूस पाण्यापेक्षा किंचित हलका असतो, बुडायचं म्हटलं तरी सहज बुडत नाही. पण डोकं जड. ते पाण्याबाहेर काढलं की तेवढं वजन पेलायला पाणी उरत नाही, मग पाय खाली जातात. कान पाण्यात गेले पाहिजेत, पूर्ण. कानात पाणी गेलं की बाहेरचं ऐकू येत नाही, म्हणून आपण मान उचलतो. कान पाण्यात घालून छताची एक तुळई ठरवा आणि तिच्याकडे बघत राहा. छाती भरून श्वास घ्या, सोडा थोडाच. बेंबी वर ढकला.

कॉलेजच्या मुलींकडे बघू नका. बाळाला सकाळी पाजून, रात्री जागून, पोटावरचा व्रण घेऊन त्या पाण्यात येत नाहीत.

---

फिजिओ_मिरज

पेठभागवालींनी बरोबर सांगितलं आहे. एक भर घालते. पाजताना आपण तासन्‌तास मान खाली घालून बसतो, त्यामुळे मानेचे आणि खांद्यांचे स्नायू आखडतात. उताणं होताना मान सैल सोडणं म्हणूनच जड जातं. घरी जमिनीवर पडून, हात पसरून, डोक्याचं सगळं वजन जमिनीवर टाकायचा सराव करा. पाजताना मांडीवर उशी घ्या म्हणजे बाळ वर येईल आणि तुम्हाला वाकावं लागणार नाही.

---

कृष्णाकाठची

जमलं.

मॅडमनी हात कधी काढला मला कळलंच नाही. कान पाण्यात होते, तुळईकडे बघत होते, आणि त्या बाजूला उभ्या राहून दोन्ही हात वर करून दाखवत होत्या. मग परत केलं. मग पाच फुटांतही, आधी कठड्याजवळ, नंतर कठडा सोडून. उभं पोहणं अजून कच्चं आहे, थोड्या वेळात दम लागतो. पण दम लागला की उताणं व्हायचं, श्वास घ्यायचा, परत सुरू करायचं, हे आता माझं मला येतं. रडू आलं मला पाण्यातच. शेजारच्या लेनमधल्या काकूंनी विचारलं काय झालं, मी म्हटलं तरंगले.

आई परवा आली होती. ती काहीच बोलली नाही, पण बॅचच्या वेळेला लेकीला घेऊन टँकच्या जाळीपाशी उभी होती. घरी जाताना म्हणाली, डिंकाचे लाडू संपले असतील तर करून पाठवते, पोहून भूक लागत असेल.

काल नवऱ्याबरोबर आयर्विन पुलावर गेले. मध्यावर थांबून खाली बघितलं. पाणी उन्हाळ्याचं, कमीच होतं. भीती गेली असं म्हणणार नाही, पोटात गोळा आलाच. पण मी बराच वेळ उभी होते.

---

जुना_पट्टीचा

शाबास पोरी. आता सोडू नको. पावसाळ्यात टँक बंद असला तर दिवाळीनंतर परत सुरू कर, नायतर मोडतं. लेक पाच-सहा वर्षांची झाली की तिला तूच शिकव.

---

गणेशतळं

मनापासून अभिनंदन. दोन वर्षं थांबा म्हणाले होते, तुमचं वाचून माझ्या सुनेला विचारलं. तिला यायचंय म्हणाली. बाळ अजून चार महिन्यांचं आहे, डॉक्टरांना दाखवून मगच. फिजिओताई, तुम्ही लिहिलेली फट तपासायची पद्धत तिला वाचून दाखवली.

---

कृष्णाकाठची

एक शेवटचं विचारायचं आहे, बोटवाला दादांना. जून तोंडावर आलाय. मुलीसाठी लाइफ जॅकेट घेऊन ठेवायचं आहे. दुकानात "लहान मुलांचं" म्हणून जे दाखवतात ते तिला फार मोठं होतं. आणि बोटीत बसताना तिला ओढणीनं पोटाशी बांधून घेऊ का?

---

बोटवाला_हरिपूर

बांधू नका ताई. बोट कलली आणि तुम्ही पाण्यात गेलात तर ती तुमच्यासोबत खाली अडकेल, सोडवायला वेळ मिळणार नाही. हातात घट्ट धरा, तोंड तुमच्या खांद्याकडे, आणि बोटीच्या मधोमध खाली बसा, फळीवर नाही. तुमचं जॅकेट तुम्ही आधी घाला, मग तिला घ्या.

जॅकेट वयावर घेऊ नका, वजनावर घ्या. आत लेबलवर किलो लिहिलेले असतात. एवढ्या लहान बाळाच्या जॅकेटला मानेमागे मोठी कॉलर हवी, जी डोकं पाण्यावर ठेवते, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. घालून खांद्याला धरून वर उचलून बघा. कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे. हवा भरायची खेळण्यातली जॅकेटं, दंडाच्या फुग्या, यातलं काही घेऊ नका. स्थानिक दुकानात मापाचं मिळालं नाही तर आत्ताच मागवा. पाणी 30 फुटांवर गेल्यावर कुठलंही पार्सल वेळेत येत नाही.

आणि खरं सांगू का, पाणी वाढायला लागलं की बोटीची वाट बघू नका. तुमच्या भागात पाणी सगळ्यात आधी येतं, तर तुम्ही सगळ्यात आधी निघा. कोरड्या रस्त्यावरून, रिक्षाने, बाळाचं सामान घेऊन.

---

कृष्णाकाठची

हो. बॅग भरून ठेवते. मिरजेला नणंदेकडे जायचं आधीच ठरलं आहे. जॅकेट आज मागवलं, वजन करून, आठ किलो भरली.